वज्रदंत विरुद्ध चिमणी

बुधवारी संध्याकाळी सव्वासहा वाजता चिमणीने वज्रदंताला भर टोळीसमोर भित्रा म्हटलं आणि घाबरला मात्र तपासनीस. वज्रदंत हा टोळीचा सरदार, साडेसात फूट उंच, हातात दुधारी कुऱ्हाड. चिमणी ही टोळीची वैदीण, त्याच्या गुडघ्याएवढी, हातात काठी. या दोघांत जुंपली तर तपासनीसाने घाबरायचं काय कारण, असं कुणीही विचारील. कारण एवढंच, की वज्रदंतही तोच होता आणि चिमणीही तोच.

पोटापाण्यासाठी तो लिफ्ट तपासायचा. दोर किती झिजला, ब्रेक धरतो की नाही, दार अर्ध्यात अडकतं का, हे बघून कागदावर सही करायची आणि मग खाली यायचं. खाली मात्र तो जिन्यानेच यायचा. स्वतः सही केलेल्या लिफ्टवरही विश्वास न ठेवणारा असा हा माणूस. त्याला साहेबांची भीती वाटायची, अनोळखी नंबरवरून आलेल्या फोनची वाटायची, बायको "जरा बसा, बोलायचंय" म्हणाली की सगळ्यात जास्त वाटायची.

म्हणून सहा वर्षांपूर्वी त्याने संगणकावरच्या त्या खेळात वज्रदंत जन्माला घातला. जगभरची माणसं घरबसल्या एकत्र येऊन ज्यात राक्षस मारतात, तसला तो खेळ. वज्रदंत कुणाच्या बापाला भ्यायचा नाही. वर्षभरात त्याच्यामागे तेरा जणांची टोळी उभी राहिली. पण चोवीस तास शूर राहणं म्हणजे काय ताप असतो, ते शूरालाच ठाऊक. कधीतरी "मला धडकी भरलीय" असं म्हणावंसं वाटायचं, आणि सरदाराच्या तोंडी ते शोभेना. तेव्हा, चार वर्षांपूर्वी, त्याने गुपचूप दुसरं पात्र काढलं. पहिल्याला खेळाडू मेन म्हणतात, दुसऱ्याला ऑल्ट. ही ऑल्ट म्हणजे चिमणी. ती जखमा बांधायची, रडणाऱ्याचं ऐकून घ्यायची आणि खुशाल घाबरायची. टोळीचा तिच्यावर फार जीव.

दोन पात्रं सांभाळणं म्हणजे दोन लेकरं वाढवणं. सोमवार, बुधवार, शुक्रवार वज्रदंताचे; मंगळवार, गुरुवार, शनिवार चिमणीचे; रविवारी डोळ्यांना सुट्टी. त्याला नवी ढाल घेतली की हिला नवी काठी घ्यावी लागायची, नाहीतर तपासनीसाला जेवण गोड लागायचं नाही. कोण कोणाला काय बोललं याची त्याने चक्क नोंदवही ठेवली होती, लिफ्टची ठेवतात तशी. डाव्या पानावर वज्रदंत, उजव्या पानावर चिमणी. डाव्याला उजव्याचं काही कळता कामा नये.

सगळं सुरळीत चाललं होतं. मग टोळीत एक नवा गडी आला. सगळे त्याला शंकेखोर म्हणत, आणि तो त्या नावाला जागला. मंगळवारी त्याने टोळीच्या फळ्यावर, म्हणजे सगळ्यांनी निरोप लिहायच्या जागेवर, लिहिलं, "आपले सरदार आणि चिमणी एकाच वेळी कधीच कसे दिसत नाहीत?"

तपासनीसाने ते तीनदा वाचलं. उद्या हे फुटलं तर? सहा वर्षं ज्याला सगळे मुजरा करतात, तो आपल्याच वैदिणीच्या रूपात रडत होता, हे कळल्यावर कोण तोंड बघेल आपलं? घरात चप्पल सरळ ठेवा म्हणून ऐकून घ्यावं लागतं, ऑफिसात पेन हरवलं म्हणून. ज्या एका ठिकाणी त्याला मान होता, ते ठिकाण जायची वेळ आली होती.

त्याने रात्रभर विचार केला आणि बुधवारी तोड काढली. दोघांना एकत्र आणणं शक्य नव्हतं, एका संगणकावर एकच पात्र चालायचं. पण फळ्यावर त्यांचं भांडण तर लावून देता येईल! जी माणसं एकमेकांशी भांडतात ती एक कशी असतील?

आधी वज्रदंत म्हणून त्याने लिहिलं, "चिमणी, काल औषधाला उशीर केलास." मग बाहेर पडून, चिमणी म्हणून आत शिरून, उत्तर लिहायला बसला. लिहायचं होतं, "सरदार, काम फार होतं." पण बोटं भलतंच लिहून गेली. "सरदार, तुम्ही भित्रे आहात. पूल ओलांडायच्या आधी दोर तीन-तीनदा ओढून बघता, आणि उशीर मी करते म्हणता!"

मग आपणच लिहिलेलं त्याने वाचलं. हे सहा वर्षं कुठे दडलं होतं?

गुरुवारी टोळीत दोन तट पडले. अर्धे म्हणाले सरदारांचा अपमान झाला, अर्धे म्हणाले चिमणी बोलली ते खोटं काय. शंकेखोर सगळ्यांत मोठ्याने बोंबलत होता. शुक्रवारी ऑफिसातून घरी येताच तपासनीसाने ठरवलं, आता आवरतं घ्यायचं. चिमणीने पाया पडून माफी मागायची, विषय संपला. दार लावून त्याने एका दमात लिहिलं, "वज्रदंतदादा, माझं चुकलं. मी अडाणी बाई. पदरात घ्या." आणि पाठवून दिलं.

मग वर नाव बघितलं. शुक्रवार वज्रदंताचा. सवयीने तो वज्रदंत म्हणूनच आत शिरला होता.

सरदाराने स्वतःचीच माफी मागितली होती, तीही बाईच्या आवाजात. फळ्यावर सगळ्यांनी ते वाचलं. मग फळा उसळलाच. "बिचारीची नक्कल करता? लाज नाही वाटत?" "हेच का सरदारपण?" तेवढ्यात टोळीचा दुसऱ्या नंबरचा माणूस आला. वयस्कर गडी, सगळे त्याला मामा म्हणत.

"सरदार," मामांनी लिहिलं, "तिसरा दिवस संपला. नियम तुमचाच आहे."

तपासनीसाने नियमांचं पान उघडलं. टोळी काढली तेव्हा वज्रदंताच्या रुबाबात त्यानेच तो नियम लिहिला होता. तीन दिवसांत न मिटलेलं भांडण आखाड्यात मिटवायचं, आणि हरेल त्याने टोळी सोडायची, कायमची. सहा वर्षांत तो कधी लागलाच नव्हता.

"उद्या संध्याकाळी पाच वाजता," मामांनी जाहीर केलं. "सगळे हजर राहतील."

शनिवारी पावणेपाचला तपासनीस बायकोचा लॅपटॉप काखेत मारून, आवाज न करता खोलीकडे सटकत होता. एकटा दोन्ही हातांनी दोघांना लढवणार होता, काय करतो.

"अहो, त्याच्यात माझ्या शिकाऊंचं वेळापत्रक आहे!"

बायको गाड्या चालवायला शिकवायची. दिवसभर घाबरलेल्या माणसांच्या शेजारी बसणं हाच तिचा धंदा. स्टिअरिंग घट्ट आवळून बसलेल्याला ती एकच सांगायची, "घाबरा हवं तेवढं, पण गाडी चालू ठेवा. ब्रेक माझ्याही पायाशी आहे."

तिच्यापुढे त्याची त त प प झाली. मग जे व्हायचं तेच झालं. वज्रदंत, चिमणी, नोंदवही, शंकेखोर, माफी, सगळं भडाभडा बाहेर आलं.

"म्हणजे चार वर्षं तुम्ही वैदीण आहात?" ती म्हणाली.

"ओरडू नकोस गं."

"मी कुठे ओरडतेय? मला वाटायचं ऑफिसचं काम करता." तिने घड्याळ बघितलं. "दहा मिनिटं राहिली. एक माझ्याकडे द्या."

दुसरा इलाज नव्हता. कोण जाणार, ते त्याने रात्रीच ठरवलं होतं. वज्रदंत मेन, त्याच्यात सहा वर्षं गेली होती. चिमणीच जायला हवी. हिशेब सरळ होता, तरी ते सांगताना त्याने चिमणीकडे बघायचं टाळलं.

"तू चिमणी. हे चालायचं, हे काठी मारायचं. थोडं इकडेतिकडे फिर आणि तीन मिनिटांत मर."

"मरायचं?"

"हो. जरा कळवळून मर. सगळे बघतायत."

पाच वाजले. आखाड्याभोवती झाडून सगळी टोळी उभी होती. वज्रदंत कुऱ्हाड परजत धावला. चिमणी जागची हललीच नाही. मग सावकाश, मागे न बघता, खांबाला वळसा घालून उलटी निघाली. कुऱ्हाड खांबात रुतली.

"हे काय करतेस?"

"रिव्हर्स," बायको म्हणाली. "हे हिरवं बटण कशाचं?"

"औषधाचं. ते दाबू नकोस!"

तिने दाबलं. चिमणी तंदुरुस्त झाली. वज्रदंताने दुसरा घाव घातला, तिने पुन्हा बटण दाबलं. तिसऱ्या घावाला तिने आपल्या काठीने त्याच्या नडगीवर असा टोला हाणला, की बाहेर आरडाओरडा झाला. तपासनीस खुर्चीवरून अर्धा उठला. ही मरत का नाही?

आणि मग संधी आली. चिमणी कोपऱ्यात सापडली. हिरवं बटण विझलेलं, कुऱ्हाड डोक्यावर. एक टिचकी मारली की संपलं. पडद्यावर ती इवलीशी उभी होती, मान वर करून. तपासनीसाने बोट बटणावर ठेवलं. तिला मारलं, तर यापुढे भीती वाटेल तेव्हा कुणाच्या तोंडाने सांगायचं? त्याला ते जमेना. बोट खाली जाईना.

"थांबलात का?" बायको म्हणाली. "चालत्या गाडीत असा मध्येच ब्रेक मारायचा नसतो हो." आणि तिने काठी हाणली. एकदा, दोनदा, आणि मग मोजायच्या पलीकडे.

साडेसात फुटांचा वज्रदंत धाडकन पडला. मामांनी नियमाप्रमाणे कळ दाबली असावी, कारण तपासनीसाच्या पडद्यावर शब्द उमटले, "आपण या टोळीचे सदस्य नाही." दोर तुटलेल्या लिफ्टसारखं त्याचं काळीज खाली गेलं. सहा वर्षं गेली, एका ओळीत.

"अहो," बायकोने त्याचा दंड धरला. "मला कुणीतरी निरोप पाठवलाय."

मामांचा निरोप होता, फक्त चिमणीला. "पोरी, लढलीस झकास. पण तू आमची चिमणी नव्हेस. तू कोण?"

"बंद कर!" तपासनीस कुजबुजला. जणू मामांना ऐकू गेलं असतं. "वायरच काढ!"

बायकोचा हात तोवर चालू झाला होता. तिने लिहिलं, "मी त्याची बायको."

"कुणाची?"

"दोघांची."

तपासनीस हातांनी तोंड झाकून बसला होता. मग मामांचं उत्तर आलं, लांबलचक, आणि ते बायकोने मोठ्याने वाचलं.

"एकदाचं कुणीतरी सांगितलं म्हणायचं. आम्हाला चार वर्षं माहीत आहे. पूल दिसला की दोर तीनदा ओढून बघणारे आमच्या टोळीत दोघंच. गुहेत शिरायच्या आधी बाहेर पडायची वाट विचारणारेही दोघंच. शंकेखोर नवा, त्याला काय माहीत. आम्हाला वाटलं, भांडण लावलंय तर तिसऱ्या दिवशी तरी खरं बोलेल, म्हणून आम्हीही तट पाडून बोंबललो. काल त्याने स्वतःचीच माफी मागितली, तेव्हा मी खुर्चीवरून पडलो."

"चार वर्षं?" तपासनीस पुटपुटला. चार वर्षं नोंदवही लिहिली, घाम गाळला, चार वर्षं धाकात काढली, ती कुणापासून लपवायला? त्याला रडू आलं आणि हसूही, आणि आधी कोणतं येऊ द्यावं ते कळेना.

पुढचा निरोप आला. "नियम तो नियम. वज्रदंत आता परत येऊ शकत नाही. टोळीने मत दिलं, सरदार चिमणी. वहिनी, तुम्हीच सांभाळा. त्याला म्हणावं, नवा गडी काढून अर्ज कर."

"मी ठेवू हिला?" बायकोने विचारलं. विचारताना लॅपटॉप तिने स्वतःकडे ओढूनही घेतला होता.

मग तपासनीसाने नवा गडी काढला. ना कुऱ्हाड, ना ढाल, पायात फाटकी चप्पल. नाव काय ठेवायचं ते सुचेना, म्हणून लिहिलं, तपासनीस. टोळीच्या अर्जात शेवटचा प्रश्न होता, तोही त्यानेच सहा वर्षांपूर्वी मिशीला पीळ देत घातलेला, "तू कशाला घाबरतोस?" आजवर सगळ्यांनी एकच उत्तर दिलं होतं, कशालाच नाही. त्याने लिहायला सुरुवात केली. साहेब. अनोळखी नंबर. झिजलेले दोर. अर्ध्यात अडकणारी दारं. "जरा बसा, बोलायचंय." लिहिता लिहिता चौकट भरली, तेव्हा तो थांबला.

शेजारच्या खुर्चीत नव्या सरदारांनी अर्ज सावकाश वाचला. एका ओळीवर त्या जरा रेंगाळल्या, त्याच्याकडे बघितलं. मग शिक्का मारला.

"चला," बायको म्हणाली. "टोळीला पलीकडे जायचंय. मामा म्हणतात, आजपासून पुलावर पहिले तुम्ही."

"मी? पहिला?"

"घाबरा हवं तेवढं. ब्रेक माझ्या पायाशी आहे."

खाली खोल दरी होती, वर लाकडी पूल हलत होता. फाटक्या चपलेतला गडी पुढे झाला. मागे चिमणी, मामा, शंकेखोर आणि बाकीचे सगळे उभे राहिले. त्याने दोर धरून एकदा ओढला, दुसऱ्यांदा ओढला. कुणीही हसलं नाही. त्याने तिसऱ्यांदा ओढला.

दोर खरोखरच सैल होता.