नामदेवकाकांच्या हिरड्या

केळझरच्या नामदेवकाकांवर अन्याय झाला. दिवाळीनंतरच्या दुसऱ्या सोमवारी, सकाळी सहाच्या सुमारास, त्यांच्याच अंगणातल्या नळाजवळ. कोणी केला ते लपवत नाही. मी केला, माझ्या पत्रकानं.

काका आमचे शेजारी. वांगी आणि मेथी पिकवतात, सेलूच्या बाजारात नेऊन विकतात. वय पासष्ट, विडी रोजची. माणूस ओळखीचा असो की पहिल्यांदा भेटलेला, राम राम झाला की दोन बोटांनी खालचा ओठ ओढून धरायचे. "पाह्य. एक थेंब दाखव."

थेंब रक्ताचा. चाळीस वर्षं विडी ओढूनही हिरडीतून रक्त येत नाही, हा त्यांचा अभिमान. वांगी घ्यायला आलेल्या बायकांना आधी हिरड्या बघाव्या लागत, मग भाव कळे. पुतणीला बघायला आलेल्या पाहुण्यांनीही पोहे खाताखाता त्या बघितल्या. लग्न तरी जमलं.

मी तंबाखूविरोधी गटात काम करते. आमच्या पत्रकावर ठळक अक्षरांत होतं, 'हिरड्यांतून रक्त येतंय? धोका ओळखा.' मी ते चावडीसमोर वाटत होते, तेव्हा काका पिशवीतून दोन पेरू काढून उभे राहिले. आमच्याकडे पेरूला जाम म्हणतात. एक चावून त्यांनी सगळ्यांना फिरवून दाखवला. पांढराशुभ्र.

"आता तू चाव व पोरी."

मी चावला. माझ्या जामावर गुलाबी डाग.

"मंग? धोका कोणाले हाय? घे, एक विडी ओढ. बरं वाटन."

लोक पोट धरून हसले. मी उरलेली पत्रकं पिशवीत कोंबली.

रागारागानं मी वर्ध्याला गेले, एका दातांच्या डॉक्टरबाईंकडे. त्यांनी माझ्या हिरड्या साफ केल्या आणि जे सांगितलं, त्यानं डोकं आणखी तापलं. हिरडी सुजली की रक्त येतं, ती तिची बोंब. धुरानं तिथल्या बारीक रक्तवाहिन्या आवळतात आणि बोंब बंद होते. थुंकीत आणि हिरडीच्या फटीत पाझरणाऱ्या पाण्यात आजाराच्या ज्या खुणा तपासतात, त्याही धुरानं बदलतात. आत मात्र दाताला धरून ठेवणारं हाड झिजतच असतं. हे काकांना चाळीस वर्षांत कोणी सांगितलं? कोणीच नाही. मी सांगायला गेले, तर त्यांनी ओठ ओढून दाखवला. आणि पत्रक मी बदललं का? नाही. छापलेले गठ्ठे संपवायचे होते.

दिवाळीत काकांनी अचानक विडी सोडली. विचारलं तर म्हणाले, "मन झालं." खरं कारण घरात होतं. त्यांच्या बायकोला, गंगाकाकूला, दमा. धुरापायी ती आठ वर्षं स्वयंपाकघरात झोपत होती. विडी सुटली तशी तिची खाट काकांच्या खोलीत आली.

मग तो सोमवार. नळाजवळ दात घासून काका थुंकले, ते लाल. माझं पत्रक त्यांच्या घरात कॅलेंडरमागे खोचलेलं होतं. धोका ओळखा. काकांनी ओळखला आणि विडी पेटवली. काकूची खाट पुन्हा स्वयंपाकघरात गेली. तिला दिलेला शब्द मोडला म्हणून तिनं बोलणंही सोडलं.

पंधरा दिवसांनी काका माझ्या दारात आले. ओठ ओढला नाही, तोंडावर दुपट्टा धरलेला.

"तुह्या कागदावरचं खरं निंगालं पोरी. विडी सोडली अन् रक्त आलं. परत ओढून राह्यलो तं थांबलं."

"काकूला सांगितलं का?"

"नाई. तिचा भाऊ तोंडाच्या बिमारीनंच गेला. भेऊन मरन ते. त्यापरीस माह्यावर चिडून राह्यली तं बरं."

मी त्यांना दुसऱ्याच दिवशी एसटीत बसवलं. डॉक्टरबाईंनी बारीक सळईनं एकेका दाताभोवती हिरडी किती खोल सुटली ते मोजलं. खालचे दोन दात काढावे लागले. बाकीचे वाचतील म्हणाल्या, विडी सुटली तर. "सुटल्यावर रक्त येईल. येऊ द्या. घाबरून विडी पेटवायची नाही, इथे यायचं."

परतताना काका तोंडातला कापूस सांभाळत म्हणाले, "गंगीले तू सांगजो. म्या सांगतलं तं तिले बहाना वाटन."

मी सांगितलं. काकू मेथी निवडत ऐकत राहिली. मग नवऱ्याकडे वळली.

"चाळीस वर्स साऱ्या गावाले तोंड दाखोलं. मलेच काऊन नाई दाखोलं?"

तिनं हात पदराला पुसले, त्यांची हनुवटी धरून दाराच्या उजेडाकडे वळवली आणि म्हणाली, "आ करा."

आता तुम्ही. तुमच्या घरात विडी-सिगारेट ओढणारं कोणी असेल, तर रक्त येत नाही या त्याच्या बोलण्यावर त्याला सोडू नका. या आठवड्यात दातांच्या डॉक्टरकडे न्या, हिरडी मोजून घ्या. विडी सुटल्यावर रक्त आलं, तर त्याच्याजवळ बसा. आणि आमचं ते जुनं पत्रक कुठे चिकटवलेलं दिसलं, तर फाडा.