फिनिशियन कुणाला म्हणावं

आमच्या धनकवडीच्या सोसायटीत नवा भाडेकरू आला की बाकीचे लोक त्याला आडनाव, नोकरी आणि अंडी चालतात का, एवढं विचारतात. तिसऱ्या मजल्यावरचे अप्पा आगाशे विचारतात, "फिनिशियन या शब्दाचा अर्थ सांगता येईल?"

आजवर कुणालाही सांगता आलेला नाही. अप्पांची तशी अपेक्षाही नसते. ते लगेच स्वतःच सांगायला लागतात. भूमध्य समुद्राच्या पूर्व काठावर, आजच्या लेबनॉनच्या बाजूला, जहाजांतून व्यापार करणारे लोक राहत. त्यांना फिनिशियन हे नाव ग्रीकांनी दिलं, बहुधा ते विकत असलेल्या जांभळट लाल कापडावरून. ते स्वतः मात्र आपापल्या गावाचं नाव सांगत. "म्हणजे सिडनचा माणूस सिडनकर. लक्षात आलं? हे गिऱ्हाइकाने ठेवलेलं नाव आहे. तुळशीबागेत कुणी जांभळ्या साड्या विकतो, म्हणून तुम्ही त्याला जन्मभर जांभळे म्हणाल का?"

विमा कंपनीतून निवृत्त झाल्यावर अप्पांनी एकच जाड पुस्तक वाचलं आणि त्यातलं एकच प्रकरण मनावर घेतलं. पुण्यात एवढ्या भांडवलावर माणूस अभ्यासक ठरतो. एका व्याख्यानात वक्त्याने 'फिनिशियन साम्राज्य' म्हटलं, तेव्हा अप्पा उभे राहिले. "प्रश्न नाही, दुरुस्ती आहे. साम्राज्य नव्हतं, शहरं होती. शब्द सोयीसाठी वापरावा, मिरवायला नाही."

वक्त्याने विचारलं, "आपण इतिहासाचे का?"

"नाही, विम्याचा," अप्पा म्हणाले आणि बसले.

पुढे त्यांनी या शब्दाचं विशेषणच केलं. ज्याचं नाव दुसऱ्याने ठेवलं, तो फिनिशियन. हडपसरला आयटीत असलेल्या एका भाडेकरूला सगळे नागपूरकर म्हणत. तो एकदा वैतागून म्हणाला, "काका, मी वरोऱ्याचा आहे. नागपूरला माझी फक्त गाडी बदलते." अप्पांनी त्याला घरी नेलं आणि बायकोला ओळख करून दिली, "अस्सल फिनिशियन."

"असू दे," शुभदाकाकू म्हणाल्या. "साखर संपली आहे. यांच्या जहाजातून कधी येणार आहे ते विचारा."

काकूंची ही धार गेल्या दिवाळीपासून बोथट होत गेली. आधी त्या गॅस विसरल्या, मग जिना, मग अप्पा. डॉक्टर म्हणाले, हाक मारत राहा, बोलत राहा. अप्पा दिवसभर "शुभदा, अगं शुभदा" करत. काकू खिडकीबाहेर बघत. एकदा 'ओ' म्हणाली तरी पुरे, असं ते मला जिन्यात म्हणाले. त्या दिवसांत त्यांनी फिनिशियनांचं नावही काढलं नाही. सोसायटीला आधी बरं वाटलं, मग करमेना.

अशात काकूंचे थोरले भाऊ चिपळूणहून भेटायला आले. दारात चपला काढता काढता त्यांनी हाक मारली, "इंदू."

काकूंनी मान वळवली. "दादा, आलास? पाय धू आधी."

दुसऱ्या दिवशी अप्पा माझ्याकडे येऊन बसले.

"लग्नात तिचं नाव मी बदललं. ताटातल्या तांदळात अंगठीने शुभदा असं लिहिलं. इंदूपेक्षा भारदस्त वाटलं."

"त्यांना विचारलं होतंत?"

"तेव्हा विचारत नसत."

"ग्रीकांनीही नसेल विचारलं," मी म्हणालो.

मला वाटलं, अप्पा चिडतील. "तेच म्हणतोय," एवढंच म्हणून ते उठले.

परवा सकाळी माझ्याकडे चुकून आलेलं त्यांचं वर्तमानपत्र द्यायला वर गेलो. दार उघडंच होतं. काकू खुर्चीत बसल्या होत्या, अप्पा समोर उभे होते. त्यांनी घसा खाकरला आणि नव्या नवऱ्यासारखे चाचरत म्हणाले, "इंदू."

"ओ," काकू म्हणाल्या. मग त्यांनी अप्पांना नीट निरखलं आणि परक्या माणसाशी बोलावं तशा अदबीने विचारलं, "आपण कोण?"



"तू म्हणशील तो," अप्पा म्हणाले.

काकूंनी थोडा विचार केला. "मग बसा ना," त्या म्हणाल्या, "उभे किती राहाल."