दामूमास्तरांचे यात्रेकरू

दामूमास्तरांनी एकदा माकडाचे आभार मानले होते. मंगला गौरीच्या गल्लीत त्याने त्यांचा चष्मा पळवला आणि पेरू दिल्यावर खाली टाकला. एक काच तडकली. मास्तरांनी तो तसाच नाकावर चढवला, वर बघून हात जोडले आणि म्हणाले, "उपकार झाले." मी बँकेतला माणूस, नागपूरहून बनारसला बदलून आलेला आणि मास्तरांच्याच घरात खालच्या मजल्यावर भाड्याने राहणारा. मला हे बघवेना. आभार मानायलाही काही धरबंध असतो की नाही?

मास्तर पिढ्यान्‌पिढ्या काशीचेच. एका अनुदानित शाळेत मराठी शिकवायचे. तिथली पोरं खुशाल "मास्तर, मला भूख लागली" म्हणत आणि हे ऐकून घेत. मी एकदा टोकलं, तर म्हणाले, "अहो, आईला समजतं ना? मग झालं तर."

त्या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीच्या तोंडावर बातमी आली, की सरकार मराठीचं अनुदान बंद करतंय. जुलैत वर्ग उघडायचा की नाही, ते शाळेचे चालक सुट्टीत ठरवणार होते. मी तणतणत वर गेलो. मास्तर बादलीत पाय सोडून बसले होते.

"चिंतन करतोय," ते म्हणाले. "जे मी फुकटही केलं असतं, त्याचा सरकारने इतकी वर्षं पगार दिला. बिचाऱ्यांच्या ते आत्ता लक्षात आलं."

आता या माणसाशी काय भांडणार?

हे झालं घरातलं. सकाळी हे गृहस्थ अमृतराव घाटावर जाऊन यात्रेकरू पकडायचे. कानावर मराठी पडली, की पुढे होऊन, "कुठले तुम्ही? चला, घरी चहा घ्या." बनारसमध्ये कुणी असं बोलावलं, की शहाणा माणूस आधी खिसा चाचपतो. साताऱ्याकडच्या एका काकूंनी तर बटवा कमरेशी घट्ट धरून उभ्यानेच चहा घेतला आणि पुन्हा पुन्हा विचारलं, "दक्षिणा किती?"

"दक्षिणा नको, बोला फक्त."

त्या बापड्या काय बोलणार? सुनेची गाऱ्हाणी सांगत बसल्या. मास्तर कीर्तनाला बसावं तसे डोलत होते. काकू गेल्या, तेव्हा त्यांना पोचवायला पार गल्लीच्या तोंडापर्यंत गेले.

जून संपत आला आणि शाळेचा निरोप आला. वर्ग बंद. नोकरी राहणार होती, पण कार्यालयात. मी वर गेलो, तर मास्तर एकटेच बसलेले. मी म्हटलं, "पगार तर चालू राहील."

"हो. तक्रार नाहीच," ते म्हणाले. मग चष्मा पुसत पुढे म्हणाले, "ही गेल्यापासून घरात मराठी उरली नाही हो. सून इकडचीच, फार गुणी पोर. 'बाबूजी, खाना लग गया' म्हणते, गरम गरम वाढते. मुलगाही आता तसाच बोलतो. कसली कमी नाही. पण वर्गात पोरं निदान 'मास्तर, समजलं नाही' म्हणायची. तेवढं मला दिवसभर पुरायचं."

मला वाटायचं, हा माणूस मराठी वाटत फिरतो. तो तर मागत फिरत होता. मला फार वाईट वाटलं.

खाली येऊन मी बायकोला सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी रविवार होता. दुपारी जिन्याच्या पायथ्याशी उभी राहून तिने हाक दिली, "मास्तर, पानं वाढलीत, जेवायला चला."

मास्तर लगेच आले. वरणभात झाला, पोळी झाली, पुन्हा ताकभात झाला. बायको आग्रह करत होती आणि ते "पुरे हो वहिनी, पुरे" म्हणत जेवत होते. डोळे भरून आले होते, ते पुसायचंही त्यांना भान नव्हतं.

ते वर गेल्यावर त्यांची सून घाईघाईने खाली आली. मला हळूच म्हणाली, "भाईसाहब, बाबूजी तो अभी ऊपर खाकर उतरे थे."