दामूअण्णांची लेखी हमी

ब्याऐंशी-त्र्याऐंशीची गोष्ट. दिंडोशीच्या आमच्या वसाहतीत नोकरीसाठी अर्ज खरडणारे पुष्कळ होते, पण दर महिन्याला जगातल्या मोठ्या राष्ट्रांना पोस्टकार्डं धाडणारे दामूअण्णा एकटेच. पत्ता वकिलातीचा, दिल्ली. मजकूर मराठीत. "जे देश अणुबाँब बनवणार नाही म्हणून सही करतात, त्यांना लेखी द्या. एक, आम्ही तुमच्यावर बाँब टाकणार नाही. दोन, दुसऱ्याने टाकला तर धावून येऊ." उत्तर एकदाही आलं नाही.

"वाचतत," अण्णा म्हणायचे. "लाजतत म्हणून लिवत नाय."

अण्णा गिरणीतले निवृत्त टाइमकीपर, आमच्या शेजारच्या खोलीत एकटे राहायचे. पेपरातलं जगाचं पान वाचून झालं की जिन्यात सापडेल त्याला गाठायचे. "हत्यार टाका म्हणतत. टाकल्यावर काय? तोंडी गोड गोड!" लोक दूध उतू जातंय म्हणून पळ काढत.

पोरांचीही सुटका नव्हती. एकदा मी स्टंप घेऊन तळमजल्यावरच्या नंदूच्या मागे लागले. अण्णांनी माझा स्टंप काढून घेतला आणि नंदूकडून वहीच्या कागदावर लिहून घेतलं, 'शोभाला मारणार नाही.' खाली त्याच्या दादाची सही, 'नंदूने मारलं तर मी धावून येईन.' दादाला हे काम इतकं आवडलं की त्याने नंदूला तिथेच दोन आगाऊ ठेवून दिल्या.

मी दहावीत असताना बाबा गेले. महिन्याभरात काका जोगेश्वरीहून टाइप केलेला कागद घेऊन आले. खोली काकांच्या नावावर करायची, म्हणजे आईला कचेऱ्यांचे खेटे नकोत.

"आम्ही आहोत ना, वहिनी."

त्या खोलीशिवाय आईकडे काहीच नव्हतं. तरी तिने पेन उचललं. मला काय सुचलं कोण जाणे, मी धावत जाऊन अण्णांना घेऊन आले.

अण्णांनी कागद दोनदा वाचला. "हिच्याकडचं सगळं ह्यात आसा. तुमचं वचन खंय लिवलंय?"

"घरातल्या घरात लेखी कसलं हो? विश्वास नाही?"

"आसा ना, म्हणूनच लिवा. एक, हिला बाहेर काढणार नाय. दोन, दुसऱ्याने काढलं तर धावून येऊ."

काकांनी कागद उचलला, चहा तसाच ठेवला आणि "चार माणसं घेऊन येतो, मग बघतो" म्हणत जिना उतरले. अण्णांच्या पोस्टकार्डांना हसणारी मी, त्या वेळी त्यांच्या पायाच पडायची बाकी होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून आमच्या दारात स्टूल टाकून बसले. पेपर, तपकीर, मधूनमधून खोकला. दिवेलागणीला उठायचे, सकाळी पुन्हा हजर. असे आठ दिवस.

शेवटी आईला राहवेना. "अण्णा, तुम्हाला पाण्याची बादली उचलत नाही. ते आले तर करणार काय?"

"काय करणार गो? बसान ऱ्हाणार. तू एकटी नाय, एवढं त्यांना दिसलं म्हणजे झालं." अण्णांनी पेपराची घडी घातली. "गावचं घर भावाच्या नावावर केलं, तेव्हा तोही म्हणालेला, आम्ही आसंव ना. सही करताना माझ्या बाजूक कोणच नव्हता."

आईने आत जाऊन तिसरं ताट मांडलं.

काका पुन्हा आले नाहीत. खोली आमचीच राहिली, ती अण्णांमुळे. आणि अण्णा पुढची अकरा वर्षं, अगदी शेवटपर्यंत, आमच्याकडेच जेवले.