गंगाधरकाकांचा कान

गंगाधरकाका आमच्या घरी आले की आधी फ्रीजला भेटतात, मग माणसांना. चपला दारात, पान्यांची पिशवी खांद्यावर, आणि डावा कान फ्रीजला चिकटवून, डोळे मिटून म्हातारा उभा. तुम्ही "या काका, बसा" म्हणालात की एक हात वर होतो.

"सबूर! तिला बोलू दे."

ती म्हणजे आतली मोटार. काकांच्या लेखी जगात जेवढ्या मोटारी आहेत तेवढ्या सगळ्या बायका आहेत, त्या सतत काहीतरी सांगत असतात आणि त्यांचं ऐकणारा वसमतमध्ये एकच माणूस आहे.

तसं ते खोटंही नव्हतं. मोंढ्यामागं काकांचं वाइंडिंगचं दुकान होतं, पंचेचाळीस वर्षं. विहिरीवरच्या, बोअरच्या जळक्या मोटारी यायच्या आणि नवी तार भरून जायच्या. ज्याला येणं जमत नसे तो फोन करायचा. काका म्हणायचे, "मला नगं सांगू. मोटारीजवळ धर फोन." इकडं डोळे मिटून ऐकायचे आणि सांगायचे, "बेरिंग गेलंय. बंद कर, न्हाईतर जळंल." पुसेगावचा माणूस पुसेगावात आणि मोटार वाचली! मी दुकानात बसून हे डोळ्यांनी बघितलंय.

आता दुकान पुतण्या बघतो आणि काका गल्ली बघतात. आमची भिंत एक, त्यामुळं सगळ्यात जास्त ताप आम्हाला. सकाळी सातला मिक्सरनं भिंत थरथरली की काका हजर. कूलर काढला की हजर. दहा मिनिटं एका जागी टेकतील तर शपथ. भिंतीपलीकडून गयाकाकू, म्हणजे त्यांची बायको, माझ्या बायकोला, सविताला सांगायच्या, "घरात थांबतच न्हाईत बघ. मी बोलाया लागले की उठले. माझं काय चुकलं ते तरी सांगावं माणसानं." काकूंचा आवाज आधीच बारीक, त्यात हे सांगताना आणखी बारीक व्हायचा.

फोनवरचं निदानही काकांनी बंद केलं होतं. कुणाचाही फोन आला की पुतण्या उचलायचा आणि काका म्हणायचे, "फोनवर नगं, मी येऊनच राहिलो म्हणावं." मला वाटायचं, काय हौस आहे! पण या वर्षात त्यांचे दोन अंदाज साफ चुकले. एकाची चांगली मोटार उगीच खोलली, दुसऱ्याची खराब मोटार चांगली म्हणून परत पाठवली. झालं! गल्ली बोलायला टपलेलीच असते. "म्हातारा उतरला आता." पुतण्यानंही विचारणं सोडलं.

आणि नेमकं तेव्हाच मी तो शहाणपणा केला.

सविता माहेरी, सेनगावला गेली होती. तिच्या भावानं घरच्यापुरती पाच-सहा किलो हळद पाठवली होती, उकडून वाळवलेली. साल घासून काढायचं पॉलिश तेवढं बाकी होतं. आता वसमतसारख्या हळदीच्या गावात पॉलिशचे ड्रम काय कमी आहेत? पण तिथं लोक क्विंटलांनी माल आणतात, मी पाच किलोची पिशवी घेऊन रांगेत काहून उभा राहू? मी विचार केला, ड्रम म्हणजे तरी काय, गोल फिरणारी टाकीच ना? ती तर आपल्या न्हाणीत आहे.

ओतली हळद वॉशिंग मशीनमध्ये आणि फिरवलं बटण. आवाज असा झाला की शेजारचं कुत्रं उठून गेलं. पण पॉलिश? एक नंबर! हळकुंडं काढून डब्यात भरली, टाकी साबणानं तीनदा पुसली, आणि पुरावा नष्ट केल्याच्या समाधानात झोपलो.

सविता आली, तिनं कपडे टाकले, मशीन नुसतीच गुणगुणली. टाकीच्या तळाची फिरणारी चकती जागची हलेना. तिनं माझ्याकडं बघितलं. मी पेपरात बघितलं. तेवढ्यात काका आलेच. कान लावला, हात वर केला आणि निकाल दिला, "मोटार."

खरं सांगतो, मला इतकं हायसं वाटलं! मोटार म्हटल्यावर माझा काय दोष? मी लगेच री ओढली, "व्हय व्हय, मोटारच असणार."

पहिल्या दिवशी काकांनी मोटार काढून दुकानात नेली. तिथं टेबलावर भिंगरीसारखी फिरली. आणून बसवली, पुन्हा गुणगुण. दुसऱ्या दिवशी कंडेन्सर बदलला. कान लावून म्हणाले, "बघ, आता आवाज साफ झाला." आवाज कालचाच होता आणि चकतीही तिथंच. सविता हातानं कपडे आपटत होती आणि दर आपटीला माझ्याकडं बघत होती. पुतण्या येऊन हसून गेला, "काका, कंपनीचा माणूस बोलवू द्या त्यांना."

त्याचं हसू बघून काकांचा चेहरा उतरला. पण पिशवी थोपटून म्हणाले, "उद्या येतो. उद्याबी न्हाई सापडलं तर ही पिशवी तुझी. पुन्हा पान्याला हात लावणार न्हाई."

आता आली का पंचाईत! मला एव्हाना कळलं होतं की चकतीखाली हळकुंड गेलेलं असणार. नुसतं सांगायचं होतं. पण सविताची जीभ तुम्हाला माहीत नाही. तिच्या सेनगावच्या सात घरांत ही गोष्ट वर्षभर पुरली असती. मी घरात येरझारा घातल्या, गच्चीवर जाऊन आलो, चहाला नाही म्हणालो. माझ्या लाजेपायी म्हाताऱ्याच्या हातातली पिशवी जाणार होती आणि मी गप्प होतो. स्वतःचीच चीड येत होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी सविता बाजारात गेली. काका मशीनमागं बसले, माझ्याकडं पाठ, डावा कान पत्र्याला. "कर सुरू." मी बटण फिरवलं. पुन्हा गुणगुण. त्यांची मान पाठीमागून इतकी बारीक दिसली की मला राहवेना.

"काका, मोटारीत काही नाही. मी तिच्यात हळद घातली होती."

काका हलले नाहीत. मला वाटलं, धक्का बसला.

"हळद, काका! ड्रम समजून घातली! चकतीखाली हळकुंड अडकलंय!" मी ओरडलोच. तरी म्हातारा डोळे मिटून तसाच. मग मी मशीन बंद केली. तेव्हा त्यांनी मान वळवली.

"बंद काहून केलीस?"

"मी मघापासून काय ओरडून राहिलो, काका?"

ते माझ्या तोंडाकडं बघत राहिले. मग पाना खाली ठेवला.

"उजवा कान दिवाळीतच गेला, सुधाकर," ते म्हणाले. "डाव्यात थोडं हाय, अगदी जवळून. मोटारीचं आता गालाला नुसती थरथर लागते, तिच्यावर अंदाज करून राहिलो. अडकलेली काय अन् जळकी काय, थरथर सारखीच."

"काकूंना माहिती?" मी जवळ सरकून मोठ्यानं विचारलं.

"न्हाई. तिचा आवाज बारीक. दोनदा मी भलतंच उत्तर दिलं, तर रडत बसली. म्हणलं, घरात थांबूच नये. पंचेचाळीस वर्षं ती म्हणत राहिली, मोटारीचं ऐकता तसं एखाद बार माझं ऐका. आता सवड झाली, तर हे असं. कोणत्या तोंडानं सांगू?"

मी त्यांच्या डाव्या कानाशी तोंड नेलं आणि हळदीची गोष्ट पहिल्यापासून सांगितली. म्हातारा आधी थक्क झाला, मग असा हसला की खोकला लागला. आम्ही चकतीचा स्क्रू काढला. खाली तीन हळकुंडं, पाचरीसारखी बसलेली. काकांनी एक उजेडात धरलं. "पालिश मातर झकास केलीस लेका."

तेवढ्यात सविता भाजीची पिशवी घेऊन दारात. मी श्वास घेतला आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "काकांनी नुसता कान लावला आणि सांगितलं, आत हळकुंड अडकलंय! मीच घातली होती हळद!" काका काही बोलायला गेले, मी त्यांचा पाय दाबला.

सविता टाकीजवळ आली, हळकुंडं बघितली, मला बघितलं. "माझ्यामागं घरात कुणाची हळद लावली म्हणायची ही?" पुढचं लिहीत नाही. मी खाली मान घालून सगळं ऐकून घेतलं. तासाभरात गल्लीभर झालं, मी येडा ठरलो आणि पिशवी काकांच्याच खांद्यावर राहिली. मशीन फिरायला लागल्यावर मात्र मी त्यांच्या कानात म्हणालो, "आता घरी जा. आणि तुमचं तुमीच सांगा."

ते गेले. मी भिंतीवरून डोकावलो. बघू नये, पण बघितलं. काकू अंगणात बाजेवर शेंगा निवडत होत्या. काका त्यांच्या शेजारी, अगदी खेटून बसले आणि डावा कान त्यांच्या तोंडाशी नेला.

"अगं बाई! काय करून राहिले? सुधाकर बघून राहिला तिकडून!"

"मला ऐकू येत न्हाई, गया," काका म्हणाले. "इथं बोल."

काकूंच्या हातातली शेंग तशीच राहिली. त्या त्यांच्या कानाकडं कितीतरी वेळ बघत होत्या. मग पदरानं तो कान पुसला, आणि बोलायला लागल्या. काकांनी डोळे मिटले. ऊन उतरलं, आमची मशीन तीनदा भरून रिकामी झाली, गल्लीत दिवे लागले, तरी काकूंचं बोलणं संपलं नव्हतं आणि काका उठले नव्हते.