गुरुराजचा कोरा दंड

अच्युतरावांनी पाटीवर मधोमध रेघ ओढली आणि मुलाचं आयुष्य दोन खान्यांत बसवलं. डाव्या खान्यात लिहिलं, मास्तर, चाळीस हाली. उजव्या खान्यात, देवी टोचणारा, साठ हाली, फिरतीचा भत्ता दहा. मग पाटी गुरुराजपुढं सरकवली.

"आता ह्याच्यात इचार करण्यासारखं काय हाय, सांग मला."

अच्युतरावांनी बीदरच्या कचेरीत तीस वर्षं उर्दूत कागद रंगवले होते. पोलीस ॲक्शननंतर कचेरीची भाषाच पालटली आणि त्यांना पेन्शन देऊन घरी बसवलं. कागद गेले, पाटी आली. घरात भाजी कोणती आणायची हेसुद्धा ते दोन खाने काढूनच ठरवत. निजामाच्या हाली रुपयावर त्यांचं प्रेम होतं. पण हिंदुस्थानच्या कलदार रुपयाला किंमत दोन-अडीच आणे जास्त, म्हणून आदर त्याचा.

"अप्पा, मला शाळंत शिकवायला आवडतंय," गुरुराज म्हणाला.

"आवडतंय ते ऐतवारी करत जा. बाकीचे सहा दिवस तनखा बघ."

"पर मला रक्त बघवत न्हाई."

हे अगदी खरं होतं. आई अनसूयाबाईंचं बोट विळीवर कापलं, तर बोटाला हळद लावायच्या आधी गुरुराजच्या तोंडावर पाणी मारावं लागे.

"साठ रुपये बघवतेत न्हवं? मग त्यांच्याकडं बघ अन् टोच," अच्युतराव म्हणाले आणि उजव्या खान्याभोवती त्यांनी जाड गोल काढला.

एक गोष्ट मात्र पाटीवर आली नाही. गुरुराजच्या स्वतःच्या दंडावर देवीची खूणच नव्हती. तो तीन वर्षांचा असताना गल्लीत टोचणारा आला, तेव्हा अच्युतरावांनीच त्याला ज्वारीच्या कणगीत लपवलं होतं. एकटा पोरगा आत रडेल म्हणून ते स्वतःही त्याच्यासोबत आत बसले होते. पोराच्या मायेपोटी की आणखी कशापोटी, हे घरात कुणी विचारलं नाही.

शिक्षण सहा आठवड्यांचं होतं. टोचण्याची दातेरी चकती फिरवण्याचा सराव वांग्यांवर करून घेत. वांग्याला रक्त येत नाही, त्यामुळं गुरुराज पहिला आला. खऱ्या दंडांची वेळ आली की तो वही घेऊन नावं लिहायला बसे. अक्षर सुरेख होतं, कुणाला संशय आला नाही. पहिल्या महिन्यात तीनशे दंड टोचून दाखवा, नाहीतर नोकरी गेली, एवढी अट सांगून त्याला कमठाण्याला पाठवलं.

सोबत काशप्पा शिपाई होता. त्यानं वीस वर्षांत पाच टोचणारे पाहिले होते आणि लोकांनी पिटाळलं की पाचांच्याही मागून धावला होता. कमठाण्यात दोघं शिरले की दारं लागत. तीन दिवसांत वहीत एकही नाव चढलं नाही. गुरुराजला मनातून बरंच वाटत होतं. दार उघडलं नाही तर रक्त कुठून दिसणार? पण रात्री आडवं पडलं की पाटीवरचा तो जाड गोल डोळ्यांपुढं येई. घरी बसवल्यापासून वाढलेलं नाही असं पेन्शन, आईचं विटलेलं लुगडं, सगळं त्या गोलातच उभं होतं.

चौथ्या दिवशी चावडीवर मात्र गर्दी जमली. जमवली ती शरणम्मानं. म्हातारी साठीची, एक डोळा गेलेला, आणि चेहऱ्यावर देवीच्या वणांनी बोट टेकायलाही जागा ठेवलेली नव्हती. कडेवर चार महिन्यांची नात होती. शेजारी तिचा मुलगा अमृतप्पा हाताची घडी घालून उभा होता.

"डाक्टरसाब, आमाला टोचायलाव. आधी तुमच्या दंडाची खूण दावा," म्हातारी म्हणाली.

गुरुराज बाही खाली ओढू लागला. काशप्पा कानाशी आला. "दावा की साब. उजव्याची दावा."

"उजव्यावर न्हाई."

"मग डाव्याची."

"डाव्यावर बी न्हाई."

काशप्पानं कपाळाला हात लावला. तोवर अमृतप्पानं पुढं होऊन साहेबांची बाही वर सारलीच होती.

"बघा रं! कोरा दंड! सरकारनं कोरा माणूस धाडलाय! ज्यानं स्वतः टोचून घेतलं न्हाई, त्यो आमच्या लेकराला कामून टोचायलाय? चला घरला!"

लोक उठले. गुरुराजला वाटलं, एकेक रुपया धोतर सावरत घरी चाललाय. साठांतले पंधरा-वीस तर वेशीपर्यंत पोचलेही असतील. तो ओरडला, "थांबा! आत्ता टोचून घेतो!"

काचेच्या नळीतली लस त्यानं स्वतःच्या दंडावर टाकली, डोळे मिटले, चकती टेकवून फिरवली. इथवर सगळं ठीक झालं. मग झालं का ते पाहायला त्यानं एक डोळा उघडला. लाल थेंब दिसला, आणि सरकारी डॉक्टर चावडीच्या फरशीवर आडवा झाला.

आता पळावं की पाणी आणावं, हे कुणालाच कळेना. तेवढ्यात शरणम्मा किंचाळली, "आई आली! डाक्टरच्या अंगात आई आली! हळद आणा, लिंबाचा पाला आणा, कांदा आणा!"

आईच्या पूजेत कांदा कशाला, हे विचारायचं भान कुणाला राहिलं नाही. म्हातारीनं पाल्यानं वारा घातला आणि पदराआडून कांदा फोडून गुरुराजच्या नाकाशी धरला. त्यानं डोळे उघडले.

"खरंच आई आली काय, अम्मा?" त्यानं पुटपुटत विचारलं.

"आली न्हाई लेकरा, आणली," म्हातारी हलक्या आवाजात म्हणाली. "भेवून पडलास ते दिसलं मला. एक डोळा हाय, पर चांगला हाय. आता उठ अन् पयलं माझ्या नातीला टोच. पोरगा माझं ऐकत न्हाई, आईचं ऐकंल."

"मला रक्त बघवत न्हाई, अम्मा."

"मग माझ्या तोंडाकडं बघ. हे तोंड असं झालं, त्याच साथीत माझी दोन लेकरं गेली. टोचणारा आल्ता तवा. मीच दार लावून घेतलं."

एवढं बोलून ती ताठ उभी राहिली आणि गावाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आई म्हणायलीय, आधी लहान लेकरं!"

अमृतप्पाची हाताची घडी सुटली. आईपुढं कोण बोलणार? त्यानं स्वतःच पोरीचा दंड धरला. गुरुराजनं लस टाकली, चकती टेकवली आणि शरणम्माच्या चेहऱ्याकडं पाहत फिरवली. पोरीनं टाहो फोडला. तो पडला नाही, उभा राहिला. त्या घटकेला साठ रुपये त्याच्या ध्यानातही नव्हते. दिवस मावळेपर्यंत एकशे बारा दंड झाले.

खरी पंचाईत पुढंच होती. बातमी त्याच्या आधी पुढच्या गावी, कोळारला पोचली. तिथं कुणी दार लावलं नाही, पण कुणी बाहीही वर केली नाही. "आधी आई येऊ द्या," लोक म्हणाले. गुरुराजनं कोरडी चकती स्वतःच्या दंडावर फिरवली, थेंब पाहिला, वाट पाहिली. काही होईना. शंभरावर दंडांनंतर त्याची भीतीच मोडली होती.

"साब, पडा की!" काशप्पा दातओठ खात म्हणाला. "लोक उठायलेत!"

गुरुराज पडला. पहिल्यांदा ओबडधोबड पडला, पुढं हात बसला. कमठाण्याच्या लसीनं आठव्या दिवशी त्याला ताप भरला, तेव्हा तर गावोगाव आईच्या नावानं नारळ फुटले. महिनाअखेर पावणेसातशे दंड झाले. त्याच्या स्वतःच्या दंडावर अकरा खुणा होत्या, आणि काशप्पा सरकारी पेटीत लसीशेजारी कांदा ठेवू लागला होता.

पहिला पगार घेऊन गुरुराज घरी आला. अच्युतरावांनी साठ आणि दहा दोनदा मोजले. "मी म्हनलो न्हवतो? माझा हिशेब कधी चुकला?"

"न्हाई अप्पा." गुरुराजनं पेटी उघडली. "आता आपल्या गल्लीची पाळी हाय. तुमच्यापासून सुरू करू. बाही वर करा."

अच्युतरावांचा चेहरा उतरला. "मी? ह्या वयात? थांब, जरा आत जाऊन येतो."

ते लवकर बाहेर आले नाहीत. थोड्या वेळानं आतून अनसूयाबाईंचा आवाज आला, "अहो, उतरा खाली! सगळी ज्वारी सांडायली!"

गुरुराज आत गेला. कणगीच्या तोंडातून फक्त पांढरी टोपी दिसत होती. त्या टोपीकडं पाहून त्याला हसू आलं आणि मागोमाग शरणम्माचं लावून घेतलेलं दार आठवलं. हसू तिथंच थांबलं.

"अप्पा," तो म्हणाला, "घरच्या माणसाला टोचलं तर दोन रुपये जादा भत्ता हाय."

कणगीतली टोपी जराशी वर आली.

"हाली का कलदार?"

"कलदार."

कणगीतून हळूच एक हात बाहेर आला. चकती फिरली, थेंब आला, अच्युतरावांनी तो पाहिला आणि टोपी ज्वारीत बुडाली. अनसूयाबाई न सांगता कांदा घेऊन आल्या.

असा भत्ता सरकारच्या कुठल्याच कागदात नव्हता. येताना गुरुराजनं सराफाकडून दोन कलदार मुद्दाम बदलून आणले होते. ते त्यानं पाटीवर ठेवले. अच्युतराव शुद्धीवर आले, तेव्हा त्यांनी दंडाकडं पाहिलंच नाही. आधी दोन्ही रुपये फरशीवर वाजवून पाहिले. खरे निघाले.