सहा मासे, तीन घरं, एक कळप

निवृत्त हेडक्लार्क आबांनी नातीला वाढदिवसाला सहा मासे आणून दिले. मागणी एकाच माशाची होती, परंतु दुकानदाराने ती फेटाळली. "हे झेब्रा मासे एकदम चिवट, काका. नवशिक्याच्या हातूनसुद्धा सहजासहजी मरत नाहीत. पण कळपातले आहेत. सहापेक्षा कमी ठेवलेत तर भेदरतात, खाणं सोडतात." आबांनी उभी हयात कचेरीत काढलेली. कुठलीही गोष्ट एकट्याने करायची नसते, हे त्यांना तत्काळ पटलं.

टाकी बैठकीच्या खोलीत बसली. एक मासा वळला की सहाही वळत. नात शाळेतून आली की दप्तरासकट टाकीपुढे फतकल मारायची. हे सुख नऊ दिवस टिकलं. दहाव्या दिवशी इमारतीचे सेक्रेटरी चहाला म्हणून आले आणि त्यांनी मासे मोजले.

"आबा, नियम अकरा. एका घरात जास्तीत जास्त दोन पाळीव प्राणी."

"अहो, तो कुत्र्यामांजरांसाठी असेल!"

"नियमात कुत्रा नाही, मांजरही नाही. मासा हा प्राणी नसून भाजी आहे, असं लेखी देता?"

आबांना लेखी देता येईना. अखेर सहानुभूतीपूर्वक विचार होऊन तोडगा निघाला : दोन मासे आबांकडे, दोन समोरच्या शिवणवाल्या मावशींकडे, दोन वरच्या मजल्यावरच्या दंतवैद्यांकडे. तिन्ही घरं मिळून बेरीज सहा येत होती. सेक्रेटरींनी तशी नोंदही केली : 'कळप अबाधित.'

कागदावरचा कळप छान पोहत राहिला. घरातले दोन मासे मात्र पाणवनस्पतीमागे दडून बसले. मावशींच्या बरणीतले दोघे तळाला गेले, दंतवैद्यांकडच्यांनी तीन दिवस दाण्याला तोंड लावलं नाही. नात सकाळ-संध्याकाळ तिन्ही घरी पाहणी करी आणि रडवेली होऊन परते. "आबा, मरतील हो ते!" आबा तडक सेक्रेटरींकडे गेले.

"मासे मरायला टेकलेत!"

"चिवट आहेत ना? मग मरण्याचा प्रश्न उद्भवत नाही."

"पण हा नियम केला कुठल्या शहाण्याने?"

सेक्रेटरींनी वही उघडली. नियमाखाली चाळीस घरांच्या चाळीस सह्या होत्या. सातवी आबांची, चांगली लफ्फेदार.

"वाचून केली होतीत?"

"वर सहा होत्या ना," आबा पुटपुटले.

मग मात्र आबांमधला हेडक्लार्क जागा झाला. त्यांनी तिथेच नवा ठराव लिहिला : 'कळपाने राहणारे मासे, संख्या कितीही असो, एकच प्राणी समजण्यात यावेत.' वॉचमन वही घेऊन दारोदार निघाला. तासाभरात चाळीस सह्या! कुणी चकार शब्द विचारला नाही. दंतवैद्यांनी तर एका हाताने रोग्याची दाढ धरून दुसऱ्या हाताने सही केली.

सहाही मासे घरी आले. घटकाभर बावरले, मग एक वळला, सगळे वळले आणि दाण्यांवर तुटून पडले. नात टाळ्या पिटत नाचली. आबा आठवडाभर इमारतीत छाती काढून चालत होते.

महिन्याभराने पुन्हा वही आली. आबा दाढी करत होते.

"आबा, वाचा तरी," नात म्हणाली.

"अगं, इतक्या लोकांनी केल्यात, ते काय वेडे आहेत?" आबांनी फेसाळ हाताने सही ठोकली.

दुसऱ्या दिवशी दोन माणसं टाकी उचलायला आली. नियम बारा : गळतीचा संभव लक्षात घेता कोणत्याही घरात बादलीपेक्षा मोठा पाणीसाठा ठेवू नये. सेक्रेटरींनी अदबीने बादली पुढे केली. नातीने भोकाड पसरलं. "तुम्हीच सही केलीत, आबा! तुम्हीच!" आबांना तिच्याकडे बघवेना.

आबांना खुशाल हसा. फक्त तुम्ही शेवटची सही केलीत, त्या कागदावर काय लिहिलं होतं, तेवढं आधी सांगा.